आमच्या वाटणीचं भेव

सर, आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. मंगळवारी मी तुमच्या खोलीतून तरातरा निघून गेले, जाताना दार जरा जोरातच लागलं, आणि शुक्रवारी दुपारी तुमच्या घरून काकूंचा फोन आला. जेवून खुर्चीत बसले होते, पेपर हातात होता, मान कलली ती कललीच. काकू एवढंच बोलल्या. आता भांडायला समोर कोणी नाही, म्हणून हे लिहिते आहे. रडून झालं आहे आणि अजूनही रडेन, पण खरं सांगायचं तर या दिवसांत मला दुःखापेक्षा भीतीच जास्त वाटते आहे. एवढी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती. आणि भीती वाटली की ती ज्यांना जाऊन सांगायची, ते तर तुम्हीच होतात.

अकोल्याहून अमरावतीला मानवी हक्कांचं एम.ए. करायला आले तेव्हा माझ्या डोक्यात या विषयाच्या प्राध्यापकाचं एक चित्र होतं. खादीचा झब्बा, भारदस्त आवाज, दोनचार वेळा तुरुंगात जाऊन आलेला माणूस. पहिल्याच तासाला फळ्यामागून पाल निघाली आणि तुम्ही टेबलावर चढून बसलात. पाल गेल्यावरही खाली उतरायला तयार नव्हतात. समान प्रतिष्ठेवरचं ते व्याख्यान तुम्ही टेबलावर मांडी घालून दिलंत. त्याच दिवशी पोरांनी तुमचं नाव भेवसर ठेवलं. ते तुम्हाला माहीत होतं आणि तुम्हाला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

तुम्ही कुत्र्यांना भ्यायचात, विजेला भ्यायचात, लिफ्टला, अनोळखी नंबरला, गणवेशातल्या कुठल्याही माणसाला भ्यायचात, मग तो पोस्टमन का असेना. आमच्या घरी याच्या अगदी उलट. आमचा भाजीचा मळा, बाबा रोज अकोल्याच्या बाजारात माल घेऊन बसतात, आणि बाजारात भ्याला त्याचा माल पडून राहिला. मी लहानपणापासून गिऱ्हाइकाशी, दलालाशी, जागेवरून उठवायला येणाऱ्याशी भांडत वाढले. त्यामुळे तुमचा मला रागच यायचा. वाटायचं, या माणसाला हा विषय शिकवायला कोणी बसवलं?

आणि तुमची ती हजेरी! क्षेत्रकार्याला, म्हणजे वस्त्यांत माहिती घ्यायला, निघण्याआधी विभागामागच्या गाड्यांच्या शेडमध्ये सगळ्यांना गोल उभं करून तुम्ही विचारायचात, आज कोणाला कशाची भीती वाटते ते सांगा. सुरुवात स्वतःपासून. "मले कुत्र्याचं भेव आहे. त्या वस्तीत लय कुत्रे आहेत." मग एकेकानं सांगायचं. कोणी म्हणायचं घरी कळेल, कोणी म्हणायचं बोलताना तोंडातून शब्द फुटणार नाही. पहिल्या खेपेला माझी पाळी आली तेव्हा मी छाती काढून सांगितलं, "मला कसलीच भीती वाटत नाही, सर."

"मंग तू घरी थांब," म्हणालात.

मला वाटलं चेष्टा आहे. तुम्ही खरंच मला सोडून गेलात. मी दिवसभर विभागात खुर्च्या लावत बसले. दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, "सर, मला तुमची भीती वाटते." सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि म्हणालात, "चाल्ते. कोणाची तरी वाटते ना." त्या दिवशी मी गाडीत बसले.

तुम्ही म्हणायचात की ज्याला भीती वाटत नाही तो दुसऱ्याचं नाव कुठंही बोलून जातो. आम्ही पुस्तकात साक्षीदाराचं संरक्षण, संमती, गोपनीयता वाचायचो, परीक्षेत मुद्दे लिहायचो. तुम्ही ते चहा पिऊन शिकवलंत. एका घरी जायचं असलं तर गल्लीतल्या सगळ्या घरी जायचं. सगळीकडे तेच प्रश्न, पाण्याचे, रेशनचे, शाळेचे. सगळीकडे चहा. ज्या घरी काही विचारायचं नसे तिथं सगळ्यात जास्त वेळ बसायचं, आणि ज्या घरासाठी आलो तिथून लवकर उठायचं. वर्ध्याकडच्या एका पोरानं एकदा एका घरी चहाला नको म्हटलं. परतीच्या वाटेवर तुम्ही त्याच्यावर असे चिडलात की गाडी बाजूला घ्यायला लावली. "एका घरी नाही म्हटलं म्हंजे जिथं घेतला ते घर दिसते. समजते का तुले?" तुमच्या रक्तातली साखर तेव्हाच फार वाढलेली होती, सर. वऱ्हाडातला तो गोड चहा, कपात चमचा उभा राहील असा. तुम्ही एकाही घरी बिनसाखरेचा मागितला नाहीत, कारण मग बाई वेगळं पातेलं चढवते आणि वेळ लागतो, आणि शेजारीण डोकावते.

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कापडाच्या कंपनीचं नाव मी इथंही लिहीत नाही, तुमचीच सवय लागली. रात्रपाळीत शिलाईच्या शेडमध्ये धूर झाला आणि बाया खिडकीची जाळी उचकटून बाहेर पडल्या. कोणाचे हात फाटले, एकीच्या छातीत बसलेला धूर अजून निघाला नाही. बायांचं म्हणणं, सरकत्या लोखंडी चॅनलगेटला बाहेरून कुलूप होतं. कंपनीचं म्हणणं, गेट उघडंच होतं, बायाच घाबरून भलतीकडे पळाल्या. सगळी गोष्ट त्या एका कुलपावर येऊन थांबली होती. आणि गेटच्या सगळ्यात जवळ ज्या बाईची मशीन होती ती रंजनाताई. नवरा नाही, शाळेत जाणारी एक मुलगी, वस्तीतली एक खोली.

तिच्या घरी चहा पिऊन आपण उठलो तेव्हा ती काही बोलली नव्हती. दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "रविवारी बजारात येतो मी." मग तुमच्या डोक्यात ती कल्पना आली. तुम्ही म्हणालात, तू भाजीवाल्याची पोरगी आहेस ना, बस मग. आठवडी बाजारात बाबांच्या ओळखीच्या एका काकांच्या शेजारी मी वांग्यांचा ढीग लावून बसले. तुम्ही पलीकडे शेंगदाणे घेत उभे होतात, एका कुत्र्याकडे डोळे लावून. रंजनाताई पिशवी घेऊन आली, खाली बसली आणि वांगी निवडायला लागली.

"कसे देल्ले व?"

मी भाव सांगितला.

"किडके दिसून राहिले." मग वांगं डोळ्यासमोर धरून, ओठ न हलवता, "कुलूप होतं. मीनं चॅनलमंधून हात घातला तं हाताले लागलं. थंडगार होतं."

"पाहून घ्या ना ताई, एकही किडकं नाही."

"मांगच्या बाया मले लोटत होत्या, गेट खोल म्हणे. मी कशानं खोलू?" तिनं ते वांगं पिशवीत टाकलं. "माहं नाव नको येऊ देजो, बाई. माही पोरगी आहे."

जाताना पैसे देऊन गेली, एका वांग्यावरून घासाघीसही केली. बाजारात माझी बोलण्यात पहिल्यांदा हार झाली. गाडीत तुम्ही शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे धरलीत. मग म्हणालात, "थंडगार हा शब्द अहवालात घेऊ नको. तो तिचा आहे. ती कामावर दहा जणींजवळ तेच बोलली असन, त्यावरून ओळखू येईन." मी चिडले. तोच तर एक शब्द होता जो वाचून कोणालाही ते कुलूप खरं वाटलं असतं. तुम्ही तो काढायला लावलात.

तिथून आपलं बिनसत गेलं. अहवाल मी लिहिला. तुम्ही दुरुस्त केलात, पण लिहिला मी, उन्हाळाभर राजापेठेतल्या माझ्या पत्र्याच्या खोलीत बसून. खाली शिकवणी वर्गाची पोरं गाड्यांचे हॉर्न वाजवायची आणि वर मी साक्षी जुळवायची. छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव होतं, तुमचं. माझं नाही, सोबतच्या कोणाचंच नाही. आणि अहवाल ज्याच्याकडे पाठवला तो मानवी हक्क आयोग अमरावतीला विश्रामगृहात सुनावणी घेणार हे कळल्यावर मी मंगळवारी तुमच्या खोलीत आले. माझ्या दोन मागण्या होत्या. अहवालावर माझं नाव टाका. आणि रंजनाताईला नावानिशी उभं करा, कारण बिननावाच्या बाईच्या कुलपावर कोण विश्वास ठेवतं?

"दोन्ही नाही," तुम्ही म्हणालात.

"का पण?"

"मले भेव लागते."

"तुम्हाला कशाची भीती वाटत नाही ते एकदा सांगा ना, सर! तुम्ही आम्हाला हक्क शिकवता का लपणं शिकवता?"

तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. मी दार लावून निघाले. लोक म्हणतील की आता मला त्या वाक्याचा पश्चात्ताप होत असेल. तो होत नाही. प्रश्न बरोबर होता, आणि तुम्ही उत्तर न देता गेलात, याचाच मला राग आहे.

तुमची शोकसभा विभागाच्या हॉलमध्ये झाली. झेंडूचा हार, उदबत्ती, आणि तुमचा तो फोटो ज्यात तुम्ही फोटोग्राफरलाही भ्यालेले दिसता. भाषणांत सगळे तुम्हाला निर्भीड म्हणाले, सर. मी काकूंकडे पाहिलं, त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि मला खात्री आहे त्या हसत होत्या. शेवटी सूत्रसंचालकानं रीतीप्रमाणे विचारलं, अजून कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मागून एक बाई उठली. मी वळून पाहिलं. रंजनाताई होती.

तिला कोणी बोलावलं नव्हतं. वस्तीत बातमी गेली, ती ऑटो करून आली. आपल्याकडे माणूस गेला की भेटायला जावंच लागतं, वैर असलं तरी जातात, आणि हिच्यासाठी तर तुम्ही घरोघरी चहा प्यायला होतात. न येणं तिला जमणारच नव्हतं. तुम्ही सगळ्याचा विचार केला होता, कुत्र्यांचा, शेजारणींचा, दारात बाहेर दिसणाऱ्या आपल्या चपलांचा. स्वतःच्या मरणाला कोण येईल याचा मात्र केला नव्हता.

तिनं माईक दोन्ही हातांनी धरला. "मी रंजना. कंपनीत शिलाईले आहे. हे सर आमच्या वस्तीत आले तं सगळ्यायच्या घरी चा पेले. मी मनात म्हणो, हा मानूस किती चा पेते! मंग समजलं, माह्यासाठी पेऊन राहिले. माहं घर कोणाले दिसू नये म्हणून." तिनं माईक तोंडाजवळ ओढला. "कुलूप होतं. मी सरायले सांगतलं होतं, अन् सरायनं माहं नाव कोठीच लिवलं नाही. आता सर नाही. मंग कोणाच्या भरोशावर लपू? मीच सांगून राहिली. कुलूप होतं."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या, सर. कोणीतरी आधीपासून मोबाइल धरलेला होता, आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत अर्ध्या अमरावतीच्या स्टेटसवर होती. तुमचा सगळा चहा वाया गेला.

मी जे मागत होते ते आपोआप झालं होतं. ती नावानिशी, चेहऱ्यानिशी, आवाजानिशी उभी राहिली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी खोलीवर आले आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून मी भिते आहे. राजापेठेत मागून गाडी आली की मी दुकानाच्या काचेत बघते. हॉटेलात पाठ भिंतीला लावून बसते. अनोळखी नंबर दिसला की फोन उलटा ठेवते, अगदी तुमच्यासारखी. घास तोंडात फिरतो, गिळला जात नाही. कडी लावली का ते बघायला उठते, लावलेली असते, तरी हात लावून बघते. बाबा रोज संध्याकाळी फोन करून वांग्याचा भाव सांगतात आणि मी त्यांना सांगते की सगळं ठीक आहे. आणि मला कळलं की मी इतकी वर्षं शूर नव्हतेच. तुम्ही एवढं भीत होतात की आमच्या वाटणीचं काही उरतच नव्हतं.

दोन दिवसांनी रंजनाताईचा फोन. एक माणूस घरी येऊन गेला म्हणे. पांढरा शर्ट, ओळखीचा नाही. खाटेवर बसला, पाणी मागितलं, पोरगी कितवीत आहे, कोणत्या शाळेत जाते, कोणत्या रस्त्यानं जाते ते विचारलं. "काही नाही, सहज आलतो," म्हणाला आणि गेला. ती हे हसत हसत सांगत होती. "जाताना म्हणते कसा, घर चांगलं ठेवलं तुमी. मी म्हटलं, गरिबाचं काय चांगलं ना काय वाईट." कामावरूनही तिला निरोप आला होता, सध्या येऊ नका.

मी स्कूटी काढली आणि सरळ तिच्याकडे गेले. वाटेत वाक्य जुळवत गेले. घरात शिरल्याबरोबर म्हटलं, "ताई, सुनावणीला जाऊ नका. सांगू की तुम्ही दुःखाच्या भरात बोलून गेलात."

ती मुलीची वेणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "दुःखात मानूस खोटं बोलते का?"

"तसं नाही. पण तो माणूस..."

"आता तं त्याले घर मालूम झालं. मी गेली काय अन् नाही गेली काय, घर तं हेच राहीन." रिबिनीची गाठ मारून तिनं पोरीला उठवलं. "तू येशीन ना संगं?"

"येईन ना."

"कोठी बसशीन?"

मी विचार न करता खरं तेच बोलले. "मागे. लोकांत."

"अन् सरायच्या जागी कोण उभं राह्यते?"

मी स्कूटीची किल्ली हातात फिरवत राहिले. ती काही रागावली नाही. "बरं, मंग मी एकटीच," एवढंच म्हणाली आणि मला चहा ठेवला. मी तो कसाबसा प्यायले.

तिथून काकूंकडे गेले. तुमची खुर्ची अजून तिथंच आहे, तिच्यावर कोणी बसत नाही, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवतात. मी काकूंना सगळं सांगितलं. आणि मग तोंडातून निघालंच, की सरांनी अहवालावर माझं नाव का टाकलं नाही, ते मला कधीच कळलं नाही.

काकू म्हणाल्या, "फोन यायचे. अहवाल गेला तेव्हापासून. उचलला की कोणी बोलायचं नाही, नुसता श्वास. हे मला म्हणायचे, राँग नंबर आहे. यांना वाटायचं मला समजत नाही." त्या घड्या सारख्या करत होत्या. "एकदा मीच विचारलं, त्या पोरीचं नाव का नाही टाकत, बिचारीनं एवढं केलं. तं म्हणाले, एकच नाव असलं म्हंजे एकाच घरी फोन येते."

सर, मी तिथं रडले नाही. मला भयंकर राग आला. मला का नाही सांगितलंत? मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं, पोरांत काय काय बोलले, ते सगळं तुम्ही ऐकून घेतलंत, चष्मा पुसत बसलात, पण एक वाक्य बोलला नाहीत. संमती, संमती म्हणून दोन वर्षं शिकवलंत. माझी घेतली होती का? ज्याच्यासाठी लपवायचं त्याला विचारून लपवायचं, हे तुमच्याच तासात लिहून घेतलं आहे मी.

काकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता तं हे गेले. तुझं नाव कोठीच नाही. तू मोकळी आहे, पोरी."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप हायसं वाटलं. अकोल्याला जावं, मळ्यात चार दिवस राहावं, सुनावणी होऊन जाईल. त्या दिवशी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. काकूंनी वाढलेलं पिठलं मी पोटभर खाल्लं. हात धुताना आठवलं की रंजनाताईचं नाव आता सगळीकडे आहे, आणि तिच्या आजूबाजूला एकही नाव नाही. तुम्ही आम्हाला इतकं चांगलं लपवलंत सर, की आम्ही होतो हेच कोणाला ठाऊक नाही. त्या अहवालात इतक्या बाया, इतकी पोरं, आणि आता सुनावणीच्या खोलीत ती एकटी दिसणार, जणू एक बाई उठली आणि मनाला येईल ते बोलून गेली. मंगळवारी मला हेच म्हणायचं होतं, पण मला तेव्हा ते असं मांडता आलं नव्हतं. मला नुसतं माझं नाव हवं होतं.

काल सकाळी फोन आला. अनोळखी नंबर. दोनदा उलटा ठेवला, तिसऱ्यांदा उचलला. सुनावणीच्या तयारीचं बघणाऱ्या कार्यालयातून एक बाई बोलत होत्या, विभागातून माझा नंबर मिळाला म्हणाल्या. अहवाल देणारे सर वारल्याचं कळलं, वाईट वाटलं. तर उद्या सुनावणीत अहवालाच्या बाजूनं कोण हजर राहणार? कोणी नसेल तर तो बाजूला ठेवतील आणि नुसता त्या बाईंचा जबाब होईल. "तुम्ही फक्त ओळखीच्या आहात, का तुमचा त्याच्याशी संबंध आहे?"

त्यांनी मला वाट इतकी मोकळी करून दिली होती. ओळखीची आहे, एवढंच म्हणायचं होतं. खाली कोणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती, आणि मी ते ऐकत उभी होते.

"अहवाल मी लिहिला आहे," मी म्हटलं.

"नाव सांगा."

वर्षा म्हटलं. मग बाबांचं नाव. मग आडनाव, गाव, शिक्षण, राजापेठेतला पत्ता, घरमालकाचं नाव. एकेक शब्द सांगताना वाटत होतं की मी घरातल्या एकेका माणसाला दाराबाहेर आणून उभं करते आहे. त्यांनी सगळं परत वाचून दाखवलं आणि बरोबर आहे का विचारलं. बरोबर होतं. फोन ठेवला आणि मी उठून दाराच्या कडीला हात लावून पाहिला.

तुम्ही असतात तर रागावला असतात का, मला कळत नाही. बहुतेक टेबलावर चढून बसला असतात.

दिवेलागणीच्या आधी रंजनाताईकडे गेले. वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती दारात मेथी निवडत बसली होती, मुलगी आत पाढे म्हणत होती. मी सांगितलं की माझं नाव दिलं आहे, मी मागे बसणार नाही, तुमच्या शेजारी उभी राहीन. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"काहून देल्लं व तुनं?"

"असंच. सरांच्या जागी कोणीतरी..."

"काहून देल्लं म्हणतो मी! तुले काही अक्कल? एकटी राह्यतं त्या खोलीत. गाडीवर हिंडतं. लगन व्हाचं आहे तुह्यं अजून. बापाले इचारलं?" ती ओरडतच होती, पण आवाज खाली, शेजारी जाणार नाही असा. "पत्ता बी देल्ला का?"

"दिला."

"अवं माय." ती उठली, तशी मांडीवरची मेथी सगळी खाली सांडली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. बाजारात नाही, शोकसभेत नाही, तो माणूस येऊन गेला तेव्हाही नाही. ओठ पांढरे पडले होते. "गाडी आत घे," म्हणाली.

"ताई, गाडी घरात कशी..."

"आत घे म्हटलं ना. ते बाहेर दिसते."

आम्ही दोघींनी मिळून स्कूटी उंबऱ्यावरून आत ढकलली. मागून पोरगी लोटत होती, तिला त्याची मजा वाटत होती. रंजनाताईनं दार लावलं, कडी घातली, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला धाप लागली होती.

मी म्हटलं, "ताई, तो माणूस तुमच्या खाटेवर बसून गेला, तेव्हा तर तुम्ही हसत होता."

"ते माह्यावर होतं," ती म्हणाली. "हे तुह्यावर आहे." मग पदरानं तोंड पुसलं आणि परातीत पीठ काढायला लागली, तिघींचं. "आता कोठी जाऊ नको. इथंच राह्य. उद्या दोघी मिळूनच जाऊ."

सर, त्या खोलीत खाट, शिलाई मशीन, गॅस, स्कूटी आणि आम्ही तिघी, पाय ठेवायलाही जागा उरली नव्हती. मी राहिले.